रंगाने मशीनं हलवली त्याची गोष्ट

एका तालुक्याच्या गावी एक भोळा कॉम्प्युटरवाला होता. नाव रंगनाथ, पण सगळे रंगाच म्हणायचे. तिथल्या दूध संघात तो कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला होता. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. अडचण काय ती तेवढीच होती.

खोलीच्या प्रमुख शेवाळे मॅडम. त्यांची लेक जळगावला, तिचे दिवस भरत आलेले, आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलेलं. मॅडमना तिच्याजवळ जायचं होतं. पण संघाचे चेअरमन बापूसाहेब म्हणाले, "आधी मशीनं हलवा, मग रजा."

ही मशीनं म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातले कॉम्प्युटर. हाताला लागत नाहीत, पण कामं खरी करतात. एक दुधाचा काटा चालवायचं, एक पशुखाद्याचं बघायचं, एक टँकर कुठवर पोचला ते सांगायचं, एक सगळ्यांच्या रजांची नोंद ठेवायचं. प्रत्येकाचं बिऱ्हाड आपापल्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर. कॉम्प्युटर बसला की पोटातलं मशीनही बसलंच. म्हणून संघाने एक मोठी पेटी आणली आणि वायरने सगळ्या कॉम्प्युटरना जोडली. सगळी बिऱ्हाडं आता तिच्यात ठेवायची. मग एखादा कॉम्प्युटर मेला तरी त्याचं मशीन दुसऱ्यावर उभं राहील.

"कळलं का रंगा?" मॅडमनी विचारलं.

"कळलं. बिऱ्हाड हलवायचं."

"हां. आधी काट्याचं मशीन पेटीत ने."

बिऱ्हाड हलवायचं तर आधी घर बंद करावं लागतं. रंगाने मशीन बंद केलं आणि सावकाश सामान न्यायला घेतलं. नेमकी संध्याकाळच्या दुधाची वेळ. काटा आंधळा झाला. कॅन घेतलेल्या माणसांची रांग फाटकाबाहेर गेली, तिथून वळून पिठाच्या गिरणीपर्यंत गेली.

रांगेतल्या सगुणाबाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, "लेकरा, हे दूध आता परत म्हशीत ओतू का?"

रंगाला ते जमेल असं वाटलं नाही. तसं त्याने सांगितलं.

मॅडम धावत आल्या. "अरे, चालतं काम बंद करायचं नसतं. चालू असतानाच अलगद हलवायचं. कुणाला कळतासुद्धा कामा नये."

"बरं," रंगा म्हणाला.

रात्री लेकीचा फोन आला. आई, निघालीस का? मॅडम म्हणाल्या, उद्या.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर संचालकांची मीटिंग होती. पंखा बंद पडला. मॅडम रंगाला म्हणाल्या, "मीटिंग खाली घ्यायची आहे. बापूसाहेबांची खुर्ची तेवढी खालच्या हॉलमध्ये हलव."

रंगा वर गेला. मागच्या मीटिंगचं वाचन चाललं होतं. बापूसाहेब खुर्चीत डोळे मिटून ते ऐकत होते. थोडं घोरतही होते. म्हणजे काम चालू होतं. रंगाने हमाल बोलावले, ओठांवर बोट ठेवलं, आणि खुर्ची बापूसाहेबांसकट अलगद उचलली.

जिन्याच्या वळणावर बापूसाहेबांना जाग आली. पाहतात तर संचालक मंडळ वर वर चाललंय.

"मी कुठं चाललोय?"

"खाली," रंगा म्हणाला. "तुम्ही चालू द्या, साहेब."

खाली पोचल्यावर बापूसाहेब मॅडमना एवढंच म्हणाले, "रजेचं नाव काढू नका."

मॅडमनी रंगाला बाजूला घेतलं. "अरे, असं न विचारता उचलतात का? आधी विचारायचं, हलवू का म्हणून. हो म्हटलं की मगच हात लावायचा."

"बरं," रंगा म्हणाला.

मग पशुखाद्याच्या मशीनची पाळी आली. रंगाने पडद्यासमोर बसून नम्रपणे विचारलं, "हलवू का?" मशीन काही बोललं नाही. जेवायच्या सुट्टीनंतर त्याने पुन्हा विचारलं. मग वाटलं, आपण बसल्या बसल्या विचारतोय, म्हणून उभं राहून विचारलं.

दिवस मावळताना मॅडम आल्या. "हलवलंस?"

"अजून हो म्हणत नाही."

"कोण?"

"मशीन."

मॅडम स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "रंगा, ते बोलत नसतं. ते आपण हलवायचं. नव्या जागी सगळं पोचलं का ते ताडून बघायचं, आणि मग जुन्या जागेवरचं पुसून टाकायचं. जुनं तसंच ठेवलं की जागा अडते."

"बरं," रंगा म्हणाला. आणि खरं सांगायचं तर ते मशीन त्याने झकास हलवलं. ताडून पाहिलं, पुसून टाकलं. मॅडमनी त्याला स्वतःच्या डब्यातली थालीपीठं दिली.

तेवढ्यात बापूसाहेबांनी त्याला बोलावलं. संघाच्या नोंदणीचा हाताने लिहिलेला मूळ दाखला त्याच्या हातात दिला. संस्थापकांची शाईची सही, खाली गोल शिक्का. "याची एक झेरॉक्स काढ आणि फायलीत लाव."

रंगाने झेरॉक्स काढली. अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. सगळं पोचलं होतं. मग त्याने ओलं फडकं घेतलं आणि मूळ दाखला नीट पुसून टाकला. सही जायला जरा वेळ लागला. शिक्का चिवट होता, पण तोही गेला. कोरा झालेला कागद त्याने वाळवून बापूसाहेबांच्या टेबलावर ठेवला.

बापूसाहेबांनी कागद उलटा करून पाहिला. मग पुन्हा सुलटा केला. मग मॅडमना हाक मारली.

मॅडमचा आवाज आता अगदी हळू झाला होता. "रंगा. मूळ ते मूळ. ते पुसत नाहीत, जपतात. कुणाचा हात लागणार नाही अशा ठिकाणी, थंडाव्याला, पक्क्या दाराआड ठेवतात."

"बरं," रंगा म्हणाला.

लेकीचा फोन रोज येत होता. डॉक्टर म्हणत होते, आता कधीही. मॅडमनी उरलेली मशीनं एकटीनेच हलवायला घेतली, डबासुद्धा न उघडता. शेवटी एकच मशीन राहिलं, लोण्याच्या कोल्ड रूमचं दार उघडणारं. ते दार आपोआप लागायचं. पण बाहेरून अंगठा लावला, आणि मशीनने तो ओळखला, तरच उघडायचं. मॅडमनी तेही पेटीत नेलं. ताडून पाहिलं. जुन्या डिस्का रिकाम्या केल्या.

बापूसाहेबांनी येऊन स्वतः खात्री करून घेतली. शब्दाला पक्के होते ते. केबिनमध्ये जाऊन कॉम्प्युटरवर त्यांनी मॅडमची रजा मंजूर केली.

मॅडम पर्स उचलता उचलता म्हणाल्या, "रंगा, आता सगळ्यांचं मूळ या एका पेटीत आहे. हिला जप." आणि बॅग आणायला शेजारच्या खोलीत गेल्या.

रंगाने पेटीकडे पाहिलं. मूळ म्हणजे काय करायचं, हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं. त्याने एकेक वायर हळूच काढली, गुंडाळली, पेटी छातीशी धरली आणि निघाला. कोल्ड रूममधून हमाल लोण्याचे खोके बाहेर काढत होते, दार उघडंच होतं. रंगाने आतल्या फळीवर पेटी ठेवली. वर पोतं पांघरलं. हमाल गेले, रंगा बाहेर आला, दार आपोआप लागलं.

काटा थांबला. पशुखाद्य थांबलं. टँकर पडद्यावर दिसेनासे झाले. बापूसाहेब स्वतःच्या पायांनी जिना उतरून आले.

"पेटी कुठंय?"

"जपून ठेवलीय, साहेब. कोल्ड रूममध्ये."

"काढ बाहेर."

रंगाने दाराला अंगठा लावला. दार ढिम्म. बापूसाहेबांनी आपला लावला. पुसून पुन्हा लावला.

"या दाराचं मशीन कुठं असतं?"

"पेटीत," रंगा म्हणाला.

"आणि पेटी?"

"दाराच्या आत."

बापूसाहेबांनी दार ढकलून पाहिलं. मग रंगा म्हणाला, "आता कुणाचाही हात लागणार नाही."

बापूसाहेब वळले. मॅडम खांद्याला बॅग लावून मागेच उभ्या होत्या.

"मॅडम, तुमची रजा रद्द."

"करा ना, साहेब," मॅडम म्हणाल्या. "मंजूर कॉम्प्युटरवर केलीत, रद्दही तिथेच होते."

बापूसाहेबांनी दाराकडे पाहिलं. मॅडम एसटी स्टँडकडे निघाल्या होत्या.