तीन रंगांची जास्वंद

बोरगड संस्थानचे दिवाण अंताजीपंत यांना आपल्याला सगळंच कळतं असं वाटे. एके दिवशी ते राजबागेत तीनदा गेले, दर वेळी निराळ्या दाराने. सकाळी त्यांना पांढरी जास्वंद दिसली, दुपारी गुलाबी आणि संध्याकाळी लाल. त्यांनी लगेच शेजारच्या राजाला तीन जातींची झुडपं भेट देण्याचं कबूल केलं. पण बाग सांभाळणाऱ्या वैद्य सगुणाबाईंनी दरबारात एकच कुंडी आणली.

"बाईंनी दोन झुडपं लाटली," दिवाण कडाडले. "महाराज, यांना हद्दपार करा."

"झुडूप एकच आहे," सगुणाबाई म्हणाल्या. "जात पानांवरून आणि बोंडांवरून ओळखतात. या फुलाचा रंग दिवसभरात बदलतो."

"रंग बदलला की जात निराळी. हा आमचा नियम आहे."

"मग महाराज, आधी हरवलेले दोन दिवाण शोधा. आपल्यापुढे पांढरेफटक पडणारे एक, नजराणा दिसला की गुलाबी होणारे दुसरे आणि रयतेवर लालबुंद होणारे तिसरे. इथे तर एकच उभे आहेत."

दिवाणांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"हे चौथे निघाले," महाराज म्हणाले. "कुंडीबरोबर यांनाही भेट पाठवा."