पदकावरची खाच

सुभेदार यशवंतराव मोहित्यांचं लढाईतलं पदक महापुरात वाहून गेलं. कुणाला सापडलं तर कळावं म्हणून मुलाने पदकाच्या कडेवर कोरलेलं नाव आणि नंबर इंटरनेटवर टाकला. महिन्याभरात तेच नाव आणि नंबर असलेलं पदक एका ऑनलाइन लिलावात दिसलं आणि सुभेदारांचे डोळे भरून आले.

सून वैजयंताने विक्रेत्याला फोन केला. "पैसे भरण्याआधी पदकाच्या कडेचा फोटो पाठवाल का?"

"बाई, तीस वर्षं पदकं विकतोय मी," तो गुरकावला. "मला शिकवू नका!"

"तसं नाही हो. आमच्या पदकाला नावाशेजारी एक खाच आहे. तेवढी दिसली की झालं."

दोन दिवसांनी फोटो आला. नावाशेजारी ठसठशीत खाच होती. वैजयंताने पुन्हा फोन लावला.

"पटलं ना आता?" तो ऐटीत म्हणाला.

"पटलं की! आमच्या पदकाला खाच नव्हतीच. मी नुसती सांगितली, तर तुम्ही पाडूनही दिलीत. नावही असंच कोरलंत ना?"

त्याने फोन ठेवला आणि तासाभरात लिलावही गायब झाला.

सुभेदारांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, खोटं पदक छातीवर लावून मी माझ्या गेलेल्या सोबत्यांना सलाम ठोकला असता. त्यातून तू मला वाचवलंस."