हौसाची वेल

वेताळसांगवीच्या ओढ्याकाठी एक पडकी धर्मशाळा होती. त्या वर्षी आषाढात सहजपुरी महाराजांनी तिथेच धुनी पेटवली होती. गावातली दुखणाईत, दुःखी माणसं त्यांच्यापाशी जाऊन बसत. त्यांतलाच एक तुळाजी शिकलगार.

तुळाजी सुऱ्या घडवी आणि त्याची लेक हौसा पात्यांवर वेल काढी. काम नाजूक. पात्याला मेणाचा लेप द्यायचा, सुईनं खरवडून नक्षी काढायची आणि पातं तेजाबात ठेवायचं. तेजाब उघडं लोखंड खातं, मेणाखालचं सोडतं. देवीपुढे कोहळा कापायच्या सुरीला हौसानं भादव्यात लेप दिला. उकाड्यानं मेण पाघळू नये म्हणून त्यात राळ जास्त घातली. वेल होत आली, शेवटचं पान तेवढं राहिलं, आणि तापानं पोर गेली!

तुळाजीनं सुरी फडक्यात गुंडाळून ठेवली. पौषातली शाकंभरी पौर्णिमा तोंडावर आली तेव्हा सोडून पाहतो, तर काय! राळेनं कडक झालेला तो लेप थंडीनं जागोजाग तडकला होता. तसाच तेजाबात घालावा, तर प्रत्येक तड्यातून तेजाब शिरून वेलीचा विचका होणार. ऊब देऊन मेण जुळवावं, तर तड्यांबरोबर हौसाच्या रेघाही बुजणार. लेकीच्या हातचं एवढंच तर उरलं होतं.

तो बाळोबा लोहाराकडे गेला. बाळोबा शहरातल्या कारखान्यात राहून आलेला, आणि ही गोष्ट तो गावाला विसरू देत नसे.

"खरवडून टाक ते," बाळोबा म्हणाला. "डांबराचा लेप दे. थंडी असू दे, ऊन असू दे, हलायचा न्हाई. वर नवी वेल काढ."

"डांबर चांगलंच हाय रं. पर हौसीची रेघ कुठनं आणू?"

"मग जा की तुझ्या बुवाकडं! अंगाऱ्यानं तेजाब अडलं असतं, तर आमी डांबर कशाला उकळत बसलो असतो?"

भात्यापाशी बसलेले सगळे हसले. तुळाजी मान खाली घालून धर्मशाळेकडे निघाला. गंमत बघायला बाळोबाही मागोमाग गेला. त्याच्याच्यानं राहवतंय कुठलं!

महाराजांनी सुरी दोन्ही तळव्यांत धरली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं ती परत देत म्हणाले, "घाल तेजाबात."

तुळाजीनं पाहिलं. "म्हाराज, तडं तसंच हायेत की."

"दिसतात मला. घाल."

तुळाजीनं घरून तेजाबानं भरलेली मातीची परळ आणून समोर ठेवली. त्यानं महाराजांकडे एकदा पाहिलं आणि सुरी आत सोडली. रेघांवर बारीक बुडबुडे धरले. धुनीपाशी महाराज मुठी आवळून बसले होते, चेहरा पांढराफटक पडला होता.

पातं धुऊन मेण उतरवलं. हौसाची वेल लख्ख उमटली होती, शेवटच्या पानाची जागा तेवढी कोरी. बाळोबानं पातं हिसकून उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. वेलीबाहेर एक डाग नाही!

तुळाजी हुंदका देऊन म्हणाला, "म्हाराज, एवढं केलंत, मग पोरीलाच का न्हाई राखली?"

"ते माझ्याकडून झालं नसतं, तुळाजी," महाराज हळूच म्हणाले. "एवढंच होण्यासारखं होतं, ते केलं."

धुनीत लाकूड सारायला त्यांनी मूठ उघडली. तळव्यावर बारीक, पिवळट भाजल्याच्या रेघा होत्या, मेणावर तडे होते तशाच. दुसरा तळवाही तसाच. तेजाबानं पोळलेलं कातडं बाळोबानं कारखान्यात वर्षानुवर्षं पाहिलेलं. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यानं सुरी जपून तुळाजीच्या हाती दिली. मग महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तो मोठा कारागीर लहान पोरासारखा रडू लागला.

महाराजांना त्याच्या पाठीवर हात ठेवता येईना. त्यांनी मनगटानंच त्याला थोपटलं.