नव्या गाडीचं पोट

नगराध्यक्ष धैर्यशीलरावांना जुनी स्पोर्ट्स कार देऊन नवी घ्यायची होती. वरचे साठ लाख तयार होते. अडचण एकच: नवी गाडी इतकी बुटकी, की शाळेसमोरच्या गतिरोधकावर तिचं पोट घासणार.

"उखडून टाकू. त्याला कितीसा खर्च!" शाळेत येऊन ते म्हणाले. दोनशे मुलं तिथेच रस्ता ओलांडतात, ती या माणसाच्या हिशेबातच नव्हती!

मुख्याध्यापिका घोलपबाई म्हणाल्या, "उखडा की, साहेब. फक्त रोज शाळा सुटली, की दुसरीतल्या तुमच्या नातीला आधी एकटीला रस्ता ओलांडायला पाठवीन. ती सुखरूप पोचली, की मगच बाकीची मुलं सोडीन."

धैर्यशीलराव खिडकीबाहेर बघत राहिले. एक भरधाव ट्रक गतिरोधकापाशी हळू झाला.

गतिरोधक आजही तिथेच आहे. साहेबांकडे गाडीही जुनीच आहे.