दारावरचा डहाळा

“…पण त्या बाटलीत काय काय असतं, ठाऊक आहे का तुम्हाला, बुवा?”

सुधन्वा बसायला तयार नव्हता. मठाच्या ओसरीवर नुसत्या येरझाऱ्या घालत होता. ओसरीच्या टोकाला त्याची बायको केतकी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. ओवी नऊ महिन्यांची. तिला गोवराची लस द्यायची होती. समोरच्या पारावर सिस्टर बसल्या होत्या आणि केतकी सारखी तिकडं बघत होती.

“नाही बाबा,” निरंजनबुवा म्हणाले. “तू सांग.”

“पारा असतो. विष!”

“पाहिलास?”

“व्हिडिओत आहे सगळं.”

“व्हिडिओत पारा दिसला?”

“…सांगणारा दिसला. मोठा अभ्यासू माणूस आहे.”

केतकीनं हसू दाबलं. मग पुन्हा पाराकडं पाहिलं.

“अहो, सिस्टर बर्फाचा डबा आवरतायत. मी जाऊन येऊ का?”

“थांब गं! बुवा, गोवर कुणापासून कुणाला होत नाही. अंगातली घाण पुरळ होऊन बाहेर पडते. जंतू मागून येतात, उकिरड्यावर माश्या याव्यात तसे.”

“असं?”

“असंच! लोकांना उगाच घाबरवून ठेवलंय.”

आतल्या खोलीत कुणीतरी कण्हलं. खोलीच्या बंद दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला होता. असा डहाळा दिसला की घरात गोवर आहे, हे ओळखून गावातली माणसं उंबऱ्यावरूनच मागं फिरतात. मठात वाढणारा गणू कालपासून आत तापानं फणफणत होता.

बुवा उठले. त्यांनी डहाळा सोडला.

“बरं झालं, आलास. गणू एकटा कंटाळलाय. ओवीला घेऊन बस त्याच्यापाशी घटकाभर. तुझ्या मतानं काही होत नाही.”

बोलताना त्यांनी दाराची कडी मुठीत घट्ट धरून ठेवली होती. सुधन्वाचं तिकडं लक्ष नव्हतं.

“बसतो की!”

त्यानं केतकीच्या मांडीवरून ओवीला उचललं. केतकी धडपडत उठली. “अहो…”

तो दाराच्या दिशेनं निघाला.

आत गणू खोकला. कोरडा, लांबलचक खोकला.

सुधन्वा थांबला. त्याचा तळवा आपोआप ओवीच्या नाकातोंडावर गेला. तो एकेक पाऊल मागं सरकत राहिला, पाठ खांबाला टेकेपर्यंत.

ओवी त्याचा हात बाजूला सारत कुरकुरू लागली.

बुवांनी डहाळा पुन्हा दाराला बांधायला घेतला.

“बुवा, म्हणजे… मी घाबरलो असं नाही.”

“मी काही म्हणालो का?”

पारावर डब्याचं झाकण वाजलं.

बुवांनी गाठ आवळली. मागं वळून न पाहताच ते म्हणाले,

“पाय मागं आले ना? आता त्या पायांनाच विचार, सिस्टर कुठं बसल्यात.”