शांत जाळी

सरोवराकाठच्या त्या राज्यात पहाऱ्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या सारसांकडे होते. सारस उंच होते, त्यांना दूरचे दिसे आणि त्यांचा नियमही सरळ होता. पहारेकऱ्याने गप्प उभे राहावे. तो गप्प आहे तोवर सारे ठीक आहे असे समजावे. त्याच्या कंठातून आवाज निघाला, मग तो कसलाही असो, की संकट आले असे मानावे आणि कारण न विचारता उडावे.

राज्यात इतर पाखरेही पुष्कळ होती. खडकांवर पाणकावळे राहत, माळावर टिटव्या राहत आणि बोराटीच्या जाळीत सातभाई राहत. सारसांना त्यांच्या बोली कळत नसत. कळाव्यात अशी गरजही त्यांना कधी भासली नव्हती. एका उन्हाळ्यात मात्र सातभाईंच्या जाळीत नाग शिरला. सातभाईंनी एकच आकांत मांडला. काठावरचे सारस एकमेकांना म्हणाले, "चालायचेच. यांचे भांडण रोजचे आहे." नाग पोटभर अंडी खाऊन सावकाश निघून गेला.

ही गोष्ट बाहेर फुटली तेव्हा सारसांच्या दळपतीला फार लाज वाटली. त्याने जाहीर केले की, यापुढे प्रत्येक वस्तीतून, आपली आणि सारसांची अशा दोन्ही बोली जाणणारी पाखरे पहाऱ्यात घेतली जातील. परंतु अशा पाखरांना एकदम पहाऱ्याच्या शिक्षणाला बसवले तर ती टिकणार नाहीत, म्हणून आधी त्यांची तयारी करून घ्यावी असे ठरले. हे काम मंद्राबाई नावाच्या वृद्ध सारस शिक्षिकेकडे आले. बाईंची मान अजूनही ताठ होती आणि त्यांच्या उच्चारांत आजवर कोणी खोट काढली नव्हती.

सातभाईंच्या जाळीतून एकच उमेदवार आली. तिचे नाव भुरी. सारसांच्या घरट्यांभोवती सांडलेले धान वेचता वेचता ती त्यांची बोली शिकली होती. नाग आला त्या दिवशी गेलेल्या अंड्यांत तिच्या आईचीही अंडी होती. पुन्हा कधी जाळीत आकांत झाला, तर तो भांडणाचा नाही हे सांगणारे कोणीतरी वर असावे, एवढ्याचसाठी तिला पहाऱ्यात जायचे होते.

तयारीचा वर्ग काठावरच्या उंचवट्यावर भरे. एका पायावर उभे राहणे, मान न हलवता दूर पाहणे आणि संकटाची हाक स्वच्छ सारसी उच्चारात देणे असे शिक्षण होते. भुरीच्या शेजारी काजळ्या नावाचा पाणकावळा उभा असे. पाण्यातून आला की तो पंख पसरून वाळवत बसे. सारसांत मात्र मोठ्यांसमोर पंख पसरणे म्हणजे त्यांना झुंजीला बोलावणे.

"काजळ्या, पंख मिट," बाई म्हणत.

"बाई, ओले आहेत हो."

"ओले असताना मिटता येणे, यालाच तयारी म्हणतात."

काजळ्या मिटलेल्या पंखांनी कुडकुडत राही आणि हळूच भुरीला म्हणे, "भुरे, मला पहाऱ्यात घेतील की लोणच्यात घालतील?" भुरीला हसू येई, पण हसताना मान हलली की बाईंची चोच तिच्या पाठीवर टेकलीच म्हणून समजावे.

काही दिवसांनी काजळ्याने वर्गासमोरच आपले दोन्ही पंख ऐसपैस पसरले. "बाई, राग मानू नका. भिजून मरण्यापेक्षा मी घरी जाऊन माशांवर पहारा ठेवीन," असे म्हणून तो उडाला. माळावरून आलेली टिटवी तर त्याआधीच वर्ग सोडून गेली होती. वर्गात भुरी एकटी उरली.

सातभाई कधीही एकटे झोपत नाहीत. ते एका फांदीवर अंगाला अंग लावून ओळीने बसतात आणि मधल्याला दोन्हीकडून ऊब मिळते. भुरी आता वर्गाजवळच्या बाभळीच्या फांदीवर एकटी झोपे. झोपेत ती डावीकडे कलंडे, दचकून सावरे, मग उजवीकडे कलंडे. तिने हे बाईंना कधी सांगितले नाही. बाईही गेली कित्येक वर्षे एकट्याच झोपत असत आणि त्याविषयी त्या कधी काही बोलल्या नव्हत्या.

एकदा भुरी घरी जाऊन आली. जाळीत शिरताना काटे लागू नयेत म्हणून मान खाली घालायची असते, हेही ती विसरली होती.

"अगं बाई, केवढी ही मान!" तिची आत्या म्हणाली. "ढगांत काही सांडलंय का तुझं?"

सगळी जाळी खिदळली. आत्याने मायेने तिच्या मानेवरची पिसे विंचरायला घेतली; पण भुरी ताठच बसून राहिली. आत्याने चोच मागे घेतली आणि ती दुसऱ्या कोणाची तरी पिसे विंचरू लागली.

परत आल्यावर भुरीने बाईंसमोर एक शंका काढली.

"बाई, आमच्याकडे राखण वेगळी असते. जो वर बसतो, तो सारखा गुणगुणत असतो. तो गुणगुणतो तोवर खालचे निर्धास्त चरतात. तो गप्प झाला, की त्याला काहीतरी दिसलं असं समजून सगळे काट्यांत लपतात."

"मग त्याला काही दिसले तर?"

"तर ओरडतोच. पण त्याआधी गप्प होतो."

मंद्राबाईंनी थोडा वेळ विचार केला. "म्हणजे तुमचा पहारेकरी सबंध दिवस आवाज करतो," त्या म्हणाल्या. "भुरी, ही सवय आहे, पहारा नव्हे. पहारा म्हणजे शांतता. हे तुला जमेल. आजवरच्या विद्यार्थ्यांत फक्त तुलाच जमेल." बाईंच्या तोंडून असे शब्द क्वचितच निघत. भुरीने ते जपून ठेवले आणि पुन्हा शंका काढली नाही.

परीक्षेचा दिवस आला. दळपतीने मोठ्या आपुलकीने भुरीला तिच्याच जाळीवरचा पहारा दिला. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत उभे राहायचे होते. संकट नसताना कंठातून आवाज निघाला तर जागा जाणार होती, आणि तिच्यामागून सातभाईंपैकी कोणालाही पुन्हा घेतले जाणार नव्हते. एकाच जाळीवर दोन पहारे नकोत म्हणून सातभाईंनी आपला राखण्या त्या दिवसापुरता खाली उतरवावा, असाही निरोप गेला.

भुरी जाळीवरच्या वाळक्या फांदीवर उभी राहिली. खाली नेहमीची लगबग चालू होती. वर आपलीच पोर उभी आहे हे पाहून कोणीतरी कौतुकाने शीळ घातली. राखण्या खाली उतरला. त्याची गुणगुण थांबली आणि भुरीची सुरू झाली नाही.

पाचोळा उलटणाऱ्या चोची जागच्या जागी थांबल्या. मग एकेक सातभाई काट्यांत शिरला.

आता लवकरच बाहेर येतील, असे भुरीला वाटले. आकाश निरभ्र होते. गवतात काही हलत नव्हते. ऊन वर चढले. पिले भुकेने रडू लागली, तेव्हा कोणीतरी त्यांना पंखाखाली दाबले. मग पिलेही गप्प झाली.

काठावरून दळपती आणि मंद्राबाई पाहत होते.

"बाई, इतकी शांत जाळी मी जन्मात पाहिली नव्हती," दळपती म्हणाला. "ओरड नाही, भांडण नाही. तुम्ही कमाल केलीत."

"विद्यार्थिनी गुणी आहे," बाई म्हणाल्या. त्यांची मान नेहमीपेक्षाही उंच झाली होती.

दुपार कलली. भुरीने खाली पाहिले. काट्यांच्या फटीतून आत्याचा डोळा दिसत होता. आत्या आकाशाकडे पाहत नव्हती की गवताकडेही पाहत नव्हती. ती टक लावून भुरीकडेच पाहत होती. तिच्या पंखाखालून एक पिलू घरंगळत बाहेर आले. ते उठले नाही आणि त्याला ओढून आत घ्यायलाही कोणी पुढे झाले नाही.

भुरीने काठाकडे पाहिले. तिथे तिची जागा होती. पुढच्या उन्हाळ्यातल्या नागाला ओळखणारा आवाज तिथूनच निघणार होता. सूर्य मावळायला फारसा अवकाश नव्हता. तिने पुन्हा पिलाकडे पाहिले.

मग तिने मान खाली घेतली, आणि ती गुणगुणू लागली.

सुरुवातीला तिचा स्वर उंच, घोटीव, सारसी लागला. तिने तो मोडला, खाली आणला आणि पुन्हा सुरू केला. तो आवाज पाण्यावरून काठापर्यंत पोहोचला. मंद्राबाईंनी सर्वांच्या आधी पंख उघडले आणि संकटाची हाक दिली. बाईंच्या उच्चारात आजही काही खोट नव्हती. मागोमाग दळपती उडाला, आणि मग सबंध काठच आकाशात उठला. पंखांच्या फडफडाटाने पाणी थरथरले, सावल्यांचा एक मोठा लोट जाळीवरून सरकत गेला आणि थोड्याच वेळात सरोवर पार रिकामे झाले.

भुरी गुणगुणत राहिली.

खाली पाचोळा वाजला. आत्या बाहेर आली आणि तिने पिलाच्या चोचीत किडा भरवला. तिच्यामागून दुसरा सातभाई आला, मग तिसरा, मग सारी जाळी बाहेर सांडली. सगळे निवांत पाने उलटीत होते आणि एकमेकांशी भांडत होते. वरून आवाज येत होता, म्हणून मान उचलून वर पाहण्याची कोणालाच गरज वाटली नाही.