जिताड्याची शिकवणी

विषय: जिताडा हा मासा खोट्या माशाने गरवण्याच्या विद्येसाठी शिष्यत्व मिळणेबाबत.

संदर्भ: अर्जदाराची याआधीची तोंडी विनंती, जिच्यावर सावेबाईंनी ‘बघू’ एवढाच शेरा मारला होता.

उपरोक्त विषयी अर्जदार मनोहर देवकुळे, बँकेतून निवृत्त, पौषातल्या एका गार सकाळी कोंढाळ्याच्या खाडीत कयाकच्या पुढच्या बैठकीवर बसून विचारत होते,

“पण बाई, माझं चुकतंय कुठे?”

मागच्या बैठकीवर वल्हं धरून सावेबाई. शाळेत पी.टी. शिकवायच्या. निम्मं गाव त्यांच्या शिट्टीवर धावलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही दोघांची कयाक घेतली आणि खाडीतल्या जिताड्यांचं स्वास्थ्य गेलं.

“टाका,” त्या म्हणाल्या.

देवकुळ्यांनी डाव्या हातातला रॉड फिरवला. चंदेरी लाकडी मासा तिवराच्या मुळांशी पडला. उजव्या हाताने रिळाची मूठ घट्ट आवळून त्यांनी दोरी गुंडाळायला घेतली. मासा एका चालीत, सरळ रेषेत परत आला. मागे कोणी नाही.

“कसा पोहला?”

“उत्तम,” देवकुळे म्हणाले.

“तेच तर. तपासणीला साहेब आल्यासारखा पोहला. त्याच्या वाटेला कोण जाईल?”

देवकुळ्यांनी लाकडी मासा पाण्यातून उचलून घेतला.

“थंडीत जिताडा आळसावतो, देवकुळे. धडधाकट माशामागे धावत नाही. कुणी अडखळताना दिसला, तरच उठतो.”

“मग अडखळायला शिकवा.”

“ते मला नाही शिकवता येत.”

धुक्यात वल्ह्याचं पाणी ठिबकत राहिलं.

“डावखुरे कधीपासून?” बाईंनी विचारलं.

“जन्मापासून.”

“मघाशी चहाचा पेला घ्यायला उजवा हात पुढे केलात. मग मागे घेतलात.”

देवकुळ्यांनी रिळाची मूठ आणखी आवळली.

उभी नोकरी त्यांनी लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात घालवली होती. गेल्या वर्षी त्यांच्याच शाखेने त्यांचीच पैसे काढायची स्लिप परत केली. सही जुळत नाही. ज्या मुलीला त्यांनी हे काम शिकवलं होतं, तिनेच ती अगदी नियमाप्रमाणे परत केली. चूक काढायलाही जागा नव्हती. तेव्हापासून उजवा हात खिशात राहायला गेला. घरी मनगट मुरगळल्याचं सांगितलं. ते वर्षभरात बरं झालं नाही, आणि बायकोने एकदाही ‘अजून कसं बरं होत नाही’ असं विचारलं नाही. खाडीवर निदान कुणी सही मागत नाही, एवढ्यासाठी ते इथे आले होते. एखादी गोष्ट पुन्हा नीट जमावी, एवढंच हवं होतं.

बाईंनी खांद्यावरून हात घालून त्यांचा रॉड काढून घेतला. रिळाची मूठ फिरवून काढली, दुसऱ्या बाजूला बसवली. रॉड परत दिला.

“आता उजव्यात धरा.”

“बाई, तो हात...”

“हलतो. मी मागेच बसते, मला दिसतं. टाका.”

फेक वाईट पडली, मुळांच्या बरीच अलीकडे. रॉडचं टोक थरथरू लागलं. टोकाचा थरकाप दोरीत उतरला, दोरीतून माशात. चंदेरी मासा शहारला. थांबला. एका अंगावर कलला. पुन्हा शहारला...

देवकुळे ओशाळून काठावरच्या बगळ्याकडे बघत राहिले. म्हणून पाणी फुटलेलं त्यांना दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं.

रॉड वाकला. कयाक तिवराकडे ओढली गेली. बाईंनी वल्हं चिखलात रोवून ती धरून ठेवली आणि शाळेतल्या आवाजात एकच शब्द उच्चारला, “सावकाश.”

मासा हातभर निघाला. देवकुळ्यांनी त्याच्या अंगावर हात ठेवला. आता दोघेही थरथरत होते आणि कुणाचं कुठलं ते सांगता येत नव्हतं.

“घरी न्या,” बाई म्हणाल्या. “उजव्या हातात धरून न्या.”

“बायको बघेल.”

“बघू दे.”

किनाऱ्याला लागल्यावर देवकुळे उतरले. मासा उजव्या हातात घेतला. दोन पावलं जाऊन वळले.

“बाई, शिष्य करून घेण्याबद्दलचा माझा अर्ज...”

सावेबाई कयाकमधलं पाणी उपसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“विचाराधीन आहे. उद्या भरती लागायच्या आत या.”